प्रकाश वाकवणारे कपानी, त्यांची पेटंटं आणि गोव्यातून येणारे प्रश्न

फोंडा, डिचोली, पेडणे या भागांतल्या शाळांत आणि ग्रंथालयांत विज्ञानावर बोलायला गेलं की फायबर ऑप्टिक्सशी, म्हणजे काचेच्या तंतूंतून प्रकाश नेण्याच्या विद्येशी जोडलेलं नरिंदरसिंग कपानी हे नाव निघतंच, आणि त्यामागोमाग ठरलेले प्रश्न येतात. अर्धे कपानींबद्दल, उरलेले "मग आमचं पेटंट कुठे काढायचं?" या वळणाचे. दोन्हींची उत्तरं इथे एकत्र करून ठेवली आहेत. शुल्क आणि मुदती बदलत असतात, तेव्हा अर्ज भरण्यापूर्वी पेटंट कार्यालयाच्या संकेतस्थळावरचा ताजा तक्ता जरूर पाहावा.

कपानी म्हणजे नेमके कोण?

जन्म 1926, पंजाबातलं मोगा. बालपण आणि शाळा देहरादूनला, पदवी आग्रा विद्यापीठाची. काही काळ दारूगोळा कारखान्यांच्या सरकारी सेवेत काम केलं आणि 1952 मध्ये लंडनच्या इम्पीरियल कॉलेजात गेले. तिथे हॅरॉल्ड हॉपकिन्स यांच्या हाताखाली संशोधन करून 1955 मध्ये पीएच.डी. मिळवली. पुढे अमेरिका: आधी रोचेस्टर, मग शिकागो, आणि 1960 पासून कॅलिफोर्निया. डिसेंबर 2020 मध्ये 94 व्या वर्षी गेले. 2021 मध्ये भारत सरकारने त्यांना मरणोत्तर पद्मविभूषण दिलं.

शाळेत एका शिक्षकांनी "प्रकाश सरळ रेषेतच जातो" असं सांगितलं आणि ते आपल्याला पटलं नाही, अशी आठवण कपानी स्वतः सांगत. शिक्षक चुकीचे नव्हते. एकसारख्या माध्यमात प्रकाश सरळच जातो. मुलाने फक्त पुढचा प्रश्न विचारला.

काचेचा तंतू प्रकाश वाकवतो म्हणजे काय करतो?

खरं तर वाकवत नाही. आत सोडलेला किरण तंतूच्या भिंतीवर तिरका आदळतो आणि बाहेर न पडता पुन्हा आत फेकला जातो. पुन्हा समोरच्या भिंतीवर, पुन्हा आत. असा सरळ तुकड्यातुकड्यांनी तो वळणावळणाच्या तंतूतून पार होतो. दहावीच्या पुस्तकात याला पूर्ण आंतरिक परावर्तन म्हटलं आहे. किरण बाहेर पडणार की आतच राहणार याची सीमा एका कोनाने ठरते. साध्या काचेतून हवेत जाताना हा कोन सुमारे 42 अंश असतो, पाण्यातून हवेत जाताना सुमारे 49 अंश. लंबापासून त्याहून जास्त तिरका किरण बाहेर निसटू शकत नाही.

एका तंतूतून उजेड नेला तर दुसऱ्या टोकाला फक्त एक ठिपका दिसतो. चित्र हवं असेल तर हजारो तंतू लागतात आणि प्रत्येकाची जागा दोन्ही टोकांना तीच राहावी लागते. माडाच्या हिरांची केरसुणी डोळ्यांसमोर आणा: ती एका बाजूला घट्ट बांधलेली असते, दुसऱ्या बाजूला विस्कटते. इथे दोन्ही बाजू घट्ट आणि प्रत्येक हीर आपल्या जागी हवा, मधला भाग मात्र मोकळा, वाकता. केसाहून बारीक हजारो तंतू असे लावणं हे त्या काळी अतिशय चिकाटीचं काम होतं. हॉपकिन्स आणि कपानी यांनी ते केलं. ‘नेचर’ नियतकालिकाच्या 2 जानेवारी 1954 च्या अंकात त्यांचा लेख आला.

म्हणजे फायबर ऑप्टिक्सचा शोध कपानींनीच लावला ना?

भाषणात "हो" म्हटलं की टाळ्या पडतात. कागदपत्रं मात्र वेगळं सांगतात, आणि ती गोष्ट मला जास्त रंजक वाटते.

1840 च्या दशकात जिनिव्हाच्या कोलाडोनने पाण्याच्या धारेतून प्रकाश वळवून दाखवला होता. लंडनमध्ये टिंडलने 1854 मध्ये तोच प्रयोग लोकांपुढे केला. तंतूंच्या जुडग्यातून चित्र नेण्याची कल्पना अमेरिकेत क्लॅरेन्स हॅन्सेल याने 1927 मध्येच पेटंटसाठी दाखल केली आणि 1930 मध्ये त्याला पेटंट मिळालंही. टेलिव्हिजनवाल्या जॉन लोगी बेअर्डचाही याच दिशेने ब्रिटनमध्ये अर्ज होता. त्याच 1930 मध्ये म्युनिकचा वैद्यकीचा विद्यार्थी हाइनरिख लाम याने दिव्याच्या तारेचं चित्र तंतूंतून खरोखर नेऊन दाखवलं. चित्र धूसर होतं, पण आलं. पेटंट घ्यायला गेला तर हॅन्सेल आडवा आला. वीस वर्षांनी डेन्मार्कच्या होल्गर मोलर हॅन्सनने अर्ज केला, त्यालाही हीच जुनी पेटंटं दाखवून नकार मिळाला. बिचाऱ्याला हॅन्सेलचं नावही ठाऊक नसावं. पेटंटच्या जगात मात्र "मला माहीत नव्हतं" याला किंमत नाही.

आणखी एक. ‘नेचर’च्या त्याच अंकात हॉलंडच्या आब्राहम व्हान हील यांचं टिपणही छापलं आहे. उघडे तंतू एकमेकांना टेकले की प्रकाश एकातून दुसऱ्यात गळतो, बोटाचा तेलकटपणा लागला तरी गळतो. यावर व्हान हील यांचा उपाय होता तंतूला कमी अपवर्तनांकाचं, म्हणजे प्रकाशाला कमी वळवणाऱ्या पदार्थाचं, वेष्टन देण्याचा. यालाच क्लॅडिंग म्हणतात आणि आजचा प्रत्येक तंतू त्यावरच चालतो. हॉपकिन्स-कपानींच्या त्या पहिल्या जुडग्यात ते नव्हतं. काचेवर काचेचंच वेष्टन चढवण्याची युक्ती 1956 मध्ये मिशिगन विद्यापीठातल्या लॅरी कर्टिस या पदवीच्या विद्यार्थ्याने साधली आणि 1957 मध्ये डॉ. बेसिल हिर्शोविट्झ यांनी त्या तंतूंची जठरदर्शक दुर्बीण माणसाच्या पोटात उतरवली.

मग कपानींचं श्रेय कुठे? वाकणाऱ्या जुडग्यातून वाचता येईल इतकं स्वच्छ चित्र नेऊन दाखवणाऱ्या पहिल्या दोघांत ते आहेत. त्यानंतरची दहा वर्षं त्यांनी या विषयावर सातत्याने लिहिलं, 1960 मध्ये ‘सायंटिफिक अमेरिकन’मध्ये सामान्य वाचकाला कळेल असा लेख लिहिला, 1967 मध्ये पाठ्यग्रंथ काढला. ‘फायबर ऑप्टिक्स’ हे नाव रुळलं ते त्यांच्यामुळे. विखुरलेल्या प्रयोगांना त्यांनी एक विद्याशाखा करून दिलं, असं मी म्हणेन.

"ताका नोबेल कित्याक मेळूंक ना?" ("त्यांना नोबेल का मिळालं नाही?" हा प्रश्न प्रत्येक ठिकाणी येतो)

2009 चं भौतिकशास्त्राचं अर्धं नोबेल चार्ल्स काओ यांना मिळालं तेव्हा आपल्याकडच्या वर्तमानपत्रांत कपानींवर अन्याय झाल्याचा सूर होता. तो सूर अजून व्हॉट्सअॅपवर फिरतो. मला तो पटत नाही.

काओ यांना पुरस्कार मिळाला तो दूरवर संदेश नेण्यासाठी. 1960 च्या दशकातल्या चांगल्या तंतूतही प्रकाश दर किलोमीटरला सुमारे 1000 डेसिबल या दराने मरत असे. म्हणजे अवघ्या 20 मीटरवर शंभरातला एकच भाग उरायचा. पोटात घालायच्या नळीला तेवढं पुरतं, पणजीहून मडगावला फोन लावायला नाही. काओ आणि जॉर्ज हॉकहॅम यांनी 1966 मध्ये मांडलं की दोष काचेचा नसून काचेतल्या अशुद्धींचा आहे. ऱ्हास 20 डेसिबलवर आणला तर तंतूंवर टेलिफोन चालेल. म्हणजे शंभरातला तो एक भाग 1 किलोमीटरवर मिळाला पाहिजे. 1970 मध्ये अमेरिकेच्या कॉर्निंग कंपनीतल्या मॉरर, केक आणि शुल्ट्झ यांनी 17 डेसिबलचा तंतू काढला. आजचा चांगला तंतू 0.2 च्या आसपास आहे, म्हणजे तोच एक भाग 100 किलोमीटरवर.

कपानींचं काम प्रामुख्याने चित्र नेण्याचं आणि उपकरणांचं होतं. काओंनी सोडवलेला प्रश्न निराळा. दोघांना एका तराजूत घालून एकाला कमी ठरवण्यात मला अर्थ दिसत नाही. नोबेल हॉपकिन्सनाही मिळालं नाही, आणि त्यांच्यासाठी कोणी मोर्चा काढत नाही.

त्या वर्षीचं उरलेलं अर्धं नोबेल बॉइल आणि स्मिथ यांना सीसीडी या प्रकाशटिपक चिपसाठी मिळालं. एण्डोस्कोपच्या, म्हणजे पोटात बघायच्या नळीच्या, टोकावर हीच चिप बसवली गेली आणि चित्र नेणाऱ्या तंतूंच्या जुडग्याची गरज पुष्कळ कमी झाली. एकाच समारंभात अर्धं नोबेल तंतूला आणि अर्धं त्याला पोटातून हटवणाऱ्याला!

शंभराहून अधिक पेटंटं म्हणतात. ती कशावर आहेत?

तंतूंवर, लेसरवर, तंतूंतून जाणारा प्रकाश वाटून देणाऱ्या आणि जोडणाऱ्या भागांवर, वैद्यकीय उपकरणांवर. शिवाय सौरऊर्जा आणि प्रदूषणमापन याही क्षेत्रांत त्यांनी काम केलं. "काचेतून प्रकाश जातो" यावर त्यांचं पेटंट नाही. असूही शकत नाही, कारण निसर्गनियमावर पेटंट मिळत नाही आणि मूळ कल्पनेवर हॅन्सेल आधीच बसला होता. म्हणून शंभराचा आकडा ऐकून एकच प्रचंड शोध डोळ्यांसमोर आणू नका. प्रत्येक पेटंट म्हणजे एखाद्या छोट्या, नेमक्या अडचणीचं उत्तर असतं.

एक काम मला फार आवडतं. रुबी लेसर 1960 चा. 1963 मध्येच कपानी आणि त्यांचे सहकारी डोळ्याच्या पडद्यावर लेसरने डाग देण्याच्या उपचारावर ‘नेचर’मध्ये लिहीत होते. मधुमेहात डोळ्यांना लेसर दिलेले कोणी ना कोणी आपल्या ओळखीत असतंच. त्या उपचाराच्या सुरुवातीच्या पानांवर हे नाव आहे.

पेटंटांतून ते श्रीमंत झाले का?

कंपन्यांतून झाले म्हणा. 1960 मध्ये पालो आल्टोला ऑप्टिक्स टेक्नॉलॉजी काढली आणि 1967 मध्ये तिचे शेअर बाजारात आणले. 1973 मध्ये कॅप्ट्रॉन काढली, ती 1990 मध्ये एएमपी या मोठ्या कंपनीला विकली. नंतर आणखी एक कंपनी. मधल्या काळात कॅलिफोर्नियाच्या विद्यापीठांत शिकवलं. आपल्याकडे प्राध्यापकाने धंदा करणं अजूनही थोडं कमीपणाचं मानतात. ते मात्र दोन्ही करत राहिले. पैशातला मोठा भाग शीख कला आणि अभ्यासासाठी दिला. स्वतः प्रकाशाची शिल्पंही करत.

आमच्या घरी फायबरचं इंटरनेट आहे. त्यातला काही पैसा त्यांच्याकडे जातो का?

नाही. पेटंट कायमचं नसतं. त्यांच्या उमेदीच्या काळात अमेरिकेत मंजुरीपासून 17 वर्षांची मुदत होती. ती पेटंटं केव्हाच संपली आणि ज्ञान सगळ्यांचं झालं. शिवाय पेटंट ज्या देशात घेतलं तिथेच चालतं. दूरसंचाराच्या तंतूवरची गाजलेली पेटंटं कॉर्निंगची होती, तीही संपली. गोवा ब्रॉडबँड नेटवर्कचे तंतू पंचायतींपर्यंत गेले ते या मोकळ्या झालेल्या ज्ञानावरच.

गोमेकॉत (गोवा मेडिकल कॉलेजात) एण्डोस्कोपी केली, ती त्यांच्याच तंतूंनी का?

आजच्या नळीत टोकाला चिप असते आणि चित्र तारेतून पडद्यावर येतं. आत उजेड नेण्यासाठी मात्र बहुतेक वेळा तंतूच असतात. पोटावर छिद्रं पाडून करतात त्या लॅपरोस्कोपीची सरळ, न वाकणारी दुर्बीण ही त्यांच्या गुरूंची, हॉपकिन्सची. काचेचे लांब दांडे भिंगांसारखे वापरायची कल्पना त्यांनी 1959 मध्ये पेटंट केली. ती बाजारात आणली कार्ल स्टोर्झ या जर्मन उत्पादकाने.

विज्ञान प्रदर्शनासाठी हा प्रयोग घरी करता येईल?

बिनधास्त. प्लास्टिकची पारदर्शक बाटली घ्या, तळापासून चार बोटं वर तापवलेल्या खिळ्याने छिद्र पाडा. कात्रीने पाडू नका. कड खडबडीत राहिली की धार फुटते आणि प्रयोग बिघडतो. पाणी भरा, दोनच थेंब दूध घाला. खोलीत अंधार करून छिद्राच्या बरोबर समोरच्या बाजूने लेसर पॉइंटर त्या छिद्राकडे रोखा आणि टोपण सैल करा. धार खाली वळते आणि प्रकाश तिच्याबरोबर वळून बादलीत उतरतो. लेसर कोणाच्याही डोळ्यांवर जाणार नाही, ही जबाबदारी एका मोठ्या माणसाने घ्यावी.

परीक्षक हमखास विचारतात: "पाणी संपत आल्यावर प्रकाश सरळ बाहेर का पडतो?" दाब कमी झाला की धार छिद्राजवळच झटकन खाली वळते, किरण पृष्ठभागावर पुरेसा तिरका पडत नाही, म्हणून निसटतो. हे उत्तर तयार ठेवा.

गोव्यात पेटंट ऑफिस कुठे आहे?

गोव्यात नाही. देशात कोलकाता, दिल्ली, चेन्नई आणि मुंबई अशी चार कार्यालयं आहेत आणि गोवा मुंबईच्या कक्षेत येतो. पण त्यासाठी रात्रीची बस धरायची गरज नाही. अर्ज ऑनलाइन होतो. अर्ज आणि तपशील इंग्रजी किंवा हिंदीत लागतात, मराठीत चालत नाहीत. संशोधक म्हणून नाव लावायला पदवीची किंवा वयाची अट नाही.

प्रदर्शनात मॉडेल मांडलं, पेपरात फोटो आला. आता पेटंट काढू का?

इथेच बहुतेकांचं नुकसान होतं. पेटंट नव्या गोष्टीला मिळतं, आणि "नवी" म्हणजे अर्ज करण्याच्या दिवसापर्यंत जगात कुठेही उघड न झालेली. तुम्ही स्वतः उघड केली तरी ती उघडच. कायद्यात 12 महिन्यांची सवलत आहे, पण ती केंद्र सरकारने अधिसूचित केलेल्या प्रदर्शनांपुरती किंवा विद्वत्सभेपुढे वाचलेल्या निबंधासारख्या मोजक्या बाबतींत. तालुका पातळीवरचं विज्ञान प्रदर्शन त्यात बसेल असं समजू नका. यूट्यूबवर टाकलेला व्हिडिओही तितकाच घातक.

उपाय सोपा आहे: आधी प्रोव्हिजनल (तात्पुरता) अर्ज करा, मग मांडा. त्यात कल्पना नीट, आकृतीसह लिहावी लागते, दावे, म्हणजे नेमका कशावर हक्क सांगता ते, नंतर दिले तरी चालतात. पूर्ण तपशील 12 महिन्यांत दिला नाही तर अर्ज सोडून दिल्याचं धरतात. मुलांच्या कौतुकात रमलेल्या शिक्षकांना मी हे पुन्हा पुन्हा सांगतो आणि ते दरवेळी म्हणतात, "पण बक्षीस मिळालं ना!"

खर्च किती?

व्यक्ती, स्टार्टअप, लहान उद्योग आणि शैक्षणिक संस्थांना ऑनलाइन अर्जाचे 1600 रुपये, तपासणीच्या मागणीचे 4000 रुपये. 30 पानांवर किंवा 10 दाव्यांवर गेलं तर जास्त. मोठ्या कंपन्यांना हेच पाचपट. खरा खर्च पेटंट एजंटचा. स्वतः लिहिता येतं का? येतं. पण दावे लिहिणं हे वकिली काम आहे. एक शब्द जास्त घातला की शेजारी तेवढाच शब्द टाळून तुमची वस्तू बनवतो. जिथे पैसा वाचवायचा तिथे वाचवा, दाव्यांवर नको.

साधारण 18 महिन्यांनी अर्ज प्रसिद्ध होतो. तपासणी आपोआप होत नाही, ती मागावी लागते. नव्या नियमांनुसार 31 महिन्यांच्या आत. अर्जदार सगळे व्यक्ती असतील (संस्था नव्हे) आणि त्यांत एक जरी महिला असेल तर जलद तपासणी मागता येते. मंजूर झालं तर अर्जाच्या तारखेपासून 20 वर्षं, मात्र तिसऱ्या वर्षापासूनचं वार्षिक शुल्क भरत राहावं लागतं.

अमक्या कॉलेजच्या मुलांना पेटंट मिळाल्याची बातमी वाचली. इतक्या लवकर कसं?

बहुधा अर्ज फक्त प्रसिद्ध झालेला असतो. प्रसिद्धी म्हणजे मंजुरी नव्हे. अर्ज मागे घेतला नाही तर तो यथावकाश प्रसिद्ध होतोच, त्यात टाळ्या वाजवण्यासारखं काही नाही. बातमीत "पब्लिश" शब्द दिसला की ओळखा.

काजू फेणीचं पेटंट गोव्याकडे आहे ना?

नाही. फेणीला 2009 मध्ये भौगोलिक मानांकन मिळालं, म्हणजे जीआय. ते नाव गोव्यातल्या उत्पादकांनीच वापरावं एवढंच त्याने ठरतं. फेणी काढायची रीत पिढ्यान्‌पिढ्या भाटींवर चालत आली आहे, तिला पेटंट मिळणारच नाही. पारंपरिक ज्ञान कायद्याने वगळलं आहे. आजीच्या काढ्याचं पेटंट काढायचंय म्हणणाऱ्यांनाही हेच उत्तर. नुसता संगणक प्रोग्राम आणि उपचाराची पद्धतही भारतात पेटंटयोग्य नाहीत. उपचाराचं उपकरण मात्र आहे.

आधी परदेशात अर्ज केला तर?

भारतात राहणाऱ्याने परवानगीशिवाय तसं करू नये. आधी इथे अर्ज करून सहा आठवडे थांबा, किंवा पेटंट कार्यालयाची लेखी परवानगी घ्या. नातेवाईक लिस्बनला किंवा लंडनला आहेत म्हणून त्यांच्याकडून परस्पर अर्ज करवून घेण्याचा बेत काहीजण ऐकवतात. तो करू नका. इथला अर्ज तर जातोच, शिवाय शिक्षेची तरतूद आहे.

कपानींची पेटंटं वाचायला मिळतात का?

फुकट. गुगल पेटंट्सवर संशोधकाच्या जागी त्यांचं नाव घाला, यादी समोर येते. पहिलं पान वाचत बसू नका, सरळ आकृत्यांवर जा, मग शेवटचे क्रमांक दिलेले दावे. त्यातला पहिला दावा दोनदा वाचला तरी डोक्यात शिरला नाही तर वाईट वाटून घेऊ नका, तिसऱ्यांदा आकृती शेजारी धरून वाचा.